खुलासा : पेरिविंकल निळा हा सदाफुलीचा रंग नव्हे

‘पेरिविंकल हा फिका निळा रंग आपल्या सदाफुलीचा, फुलं उकळून त्यात कापड बुडवा, रंग पक्का बसतो,’ असा मेसेज फिरतो आहे. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

हा रंग युरोपातल्या व्हिंका मायनर या वेलीच्या निळसर-जांभळ्या फुलावरून आला. सदाफुली मूळची मादागास्करची, फुलं बहुधा गुलाबी किंवा पांढरी. तिला पूर्वी व्हिंका रोझिया म्हणत, गोंधळ तिथूनच.

फुलांतला रंग अँथोसायनिन या नैसर्गिक रंगद्रव्याचा. साबणाच्या किंवा सोड्याच्या पाण्यात तो पालटतो आणि उन्हात उडतो, त्यामुळे कापडावर तो टिकत नाही. शिवाय सदाफुली विषारी आहे. कर्करोगावरचं व्हिनक्रिस्टिन हे औषध तिच्यातूनच मिळवतात. म्हणून स्वयंपाकाच्या भांड्यात ती उकळूच नका, तिचा काढा पिणं तर नाहीच.

भिंतीवर किंवा कागदावर ही छटा हवी असेल तर साधारण 8 भाग पांढऱ्यात 1 भाग अल्ट्रामरीन निळा आणि ब्रशच्या टोकावर मावेल एवढा मॅजेंटा घाला. अल्ट्रामरीनऐवजी थॅलो नावाचा निळा रंग घेतलात तर तो हिरवटाकडे झुकतो आणि हाती आसमानी येतो. स्क्रीनवर ही छटा हवी असेल तर रंगांचे आकडे असे: लाल 204, हिरवा 204, निळा 255.