खुलासा: प्रभूच्या प्रार्थनेतली ओळ कोणी ‘कापलेली’ नाही

‘नव्या बायबलमधून प्रभूच्या प्रार्थनेची (येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेची) शेवटची ओळ काढली, तिच्याशिवाय रोजची प्रार्थना अपुरी’ असा मेसेज फिरतो आहे. तो चुकीचा आहे, कृपया पुढे पाठवू नका.

ओळ ही: ‘कारण की राज्य, सामर्थ्य व गौरव ही सर्वकाळ तुझीच आहेत.’ आपल्या बायबलच्या प्रतीत मत्तय ६:१३ उघडा. अनेक आवृत्त्यांत ती कंसात किंवा तळटीपेत दिसेल. कारण चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन या बायबलच्या जुन्या ग्रीक हस्तलिखितांत ती नाही. लूक ११:२-४ मध्ये हीच प्रार्थना आहे, तिथेही ती ओळ नाही. नंतरच्या बहुतेक ग्रीक हस्तलिखितांत मात्र आहे. संपादकांनी एवढीच प्रामाणिक नोंद केली आहे.

ओळ परकीही नाही. तिचे शब्द जुन्या करारातल्या दावीद राजाच्या प्रार्थनेशी जुळतात (१ इतिहास २९:११). आरंभीच्या मंडळीच्या ‘दिदाखे’ या ग्रंथात, आठव्या अध्यायात, ही प्रार्थना ‘सामर्थ्य व गौरव’ या शब्दांनी संपते. ‘राज्य’ तिथे नाही. लगेच पुढे सूचना येते: दिवसातून तीनदा अशी प्रार्थना करा. रोजच्या प्रार्थनेचा इतका जुना आणि स्पष्ट दाखला असताना आपण मात्र एका ओळीवरून भांडतो, याचं वाईट वाटतं.

कॅथलिक मिस्सात (मुख्य उपासनेत) या प्रार्थनेतल्या ‘वाइटापासून सोडव’नंतर आधी याजक प्रार्थना करतो, मग लोक ही ओळ म्हणतात. प्रॉटेस्टंट उपासनेत ती सलग येते. म्हणून दोन्ही पंथांचे लोक एकत्र प्रार्थना करतात तेव्हा एकजण थांबतो, दुसरा पुढे जातो. ओळ कशी म्हणायची ते सुरुवातीलाच ठरवून घ्या.