तोफेच्या चाकांची वाट

राजगडावर रोपवे व्हावा की होऊ नये, हा वाद मी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर राहून गेली काही वर्षे वाचतो आहे. एक बाजू म्हणते की गड पायांनीच चढावा, रोपवे आला की गर्दी, टपऱ्या आणि कचरा त्याच्या मागोमाग वर येणार. दुसरी बाजू विचारते की वृद्धांनी आणि अपंगांनी गड पाहायचाच नाही का? माझ्या आईसारख्यांचा उल्लेख या दुसऱ्या बाजूच्या युक्तिवादात हटकून येतो, पण त्यांना नेमके काय हवे आहे, हे दोन्हींपैकी कोणीही विचारत नाही.

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर आई व्हीलचेअरवर आहे. ती इकडे आली तेव्हा पोर्ट्समथजवळच्या पोर्ट्सडाउन टेकडीवरील फोर्ट नेल्सन पाहायला आम्ही गेलो. फ्रेंच आक्रमणाच्या धास्तीने 1860 च्या दशकात पामर्स्टन सरकारने जे किल्ले उभारायला घेतले, त्यांपैकी हा एक. आता तिथे रॉयल आर्मरीजचे तोफांचे संग्रहालय आहे. चढ कुठे आहे आणि पायऱ्या कुठे आहेत, याची चौकशी निघण्यापूर्वीच करून आम्ही दिवस आखला होता. जमिनीखालची भुयारे सोडून द्यायची, हेही घरीच ठरले होते, त्यामुळे आईला दारातून परत फिरावे लागले नाही.

तिथे 1464 साली ओतलेली एक प्रचंड तुर्की तोफ आहे, सुमारे 17 टन वजनाची, 1866 मध्ये सुलतानाने राणी व्हिक्टोरियाला भेट दिलेली. तिचे दोन भाग मळसूत्राने एकमेकांत बसतात आणि ते फिरवण्यासाठी कडेला दांडे अडकवायच्या खाचा आहेत. आई बराच वेळ त्या खाचांकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे डब्याचं झाकण फिरवून बसवतो, तशीच की रे!" पुढे तटावर जाणाऱ्या उतारावर खुर्ची ढकलताना मला दम लागला, पण आम्ही वर पोहोचलो. असे उतार मुळात तोफा वर ओढून नेण्यासाठी बांधलेले असतात, आणि जिथून तोफगाड्याचे चाक जाते तिथून खुर्चीचेही जाते.

सह्याद्रीतल्या गडांची गोष्ट निराळी आहे, हे मान्यच करायला हवे. शत्रूला सहज वर येता येऊ नये यासाठीच तिथले कडे तासले, दरवाजे वळणात लपवले आणि पायऱ्या अवघड ठेवल्या. त्या फोडून सपाट रस्ता करा, असे मी कधीही म्हणणार नाही. पण कष्ट करून चढणाऱ्यालाच गड पाहण्याचा अधिकार आहे, हे म्हणणेही मला पटत नाही. रायगडाच्या एका दरवाजाचे नावच मेणा दरवाजा आहे, आणि राजघराण्यातील स्त्रिया मेण्यातून तिथून ये-जा करीत, असे सांगितले जाते. गडावर मेणा चालत होता, तर खुर्चीनेच पावित्र्य कसे भंगेल?

रोपवे हे मात्र पुरेसे उत्तर नव्हे. रायगडाला 1996 पासून रोपवे आहे, पण त्यातून उतरल्यावर माथ्याकडे जाताना पुन्हा पायऱ्याच लागतात. उलट पन्हाळ्यावर गाडी थेट वर जाते. जुलै 2025 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आलेल्या मराठ्यांच्या 12 किल्ल्यांत पन्हाळाही आहे. अशा ठिकाणी उंबऱ्यापुढे काढता-घालता येणारा लाकडी उतार, वापरण्याजोगे स्वच्छतागृह आणि कुठवर चाकाने जाता येते ते सांगणारा फलक, एवढ्याने खूप काही साधेल, आणि त्यासाठी एकही दगड हलवावा लागणार नाही.

कायद्याची अडचण म्हणावी, तर तीही नाही. इंग्लंडमध्ये 2010 चा समानता कायदा सेवा देणाऱ्यांकडून वाजवी बदलांची अपेक्षा करतो, तर आपल्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक इमारती सुगम करण्यासाठी नियम निघाल्यापासून 5 वर्षांची मुदत दिली होती. नियम 2017 मध्ये निघाले. मुदत केव्हाच उलटून गेली आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेचे नियम बंधनकारक असायला हवेत असेही बजावले.

डिसेंबरमध्ये आम्ही घरी जाणार आहोत. आईला पन्हाळ्याचे अंबरखाना आणि सज्जा कोठी पुन्हा पाहायची आहे. तिथे किती पायऱ्या आहेत आणि खुर्ची कुठवर जाईल, हे विचारण्यासाठी मी आतापर्यंत चार ठिकाणी फोन केले. प्रत्येकाने आपुलकीने दुसऱ्याचा नंबर दिला.