माडाच्या सावलीत सोलर

पाणी तापवायचे सोलर घ्यायचे ठरले, की आपल्या नात्यात किती इंजिनियर आहेत ते कळते. आणि त्यांतल्या एकाच्याही गच्चीवर माड झुकलेला नाही, हेही कळते.

पुण्याच्या मेहुण्याचा कौल काचेच्या निर्वात नळ्यांच्या सोलरला, म्हणजे ईटीसीला. "दाजी, डोळे मिटून ईटीसी घ्या. सपाट पॅनेलच्या तांब्याच्या नळ्या बोअरच्या जड पाण्याने तुंबतात." त्याच्या बोअरपुरते ते खरेच आहे. आमची विहीर गोव्यातल्या मांद्र्याची, चिऱ्याच्या खडकातली. तिचे पाणी मऊ आणि किंचित आम्ल. ते क्षार साठवत नाही, धातूच हळूहळू खाते. म्हणून टाकीत मॅग्नेशियमचा एक दांडा ठेवतात. टाकीऐवजी तो झिजतो. (एकत्र कुटुंबात असा एक जण असतोच.)

मग विक्रेता आला. "सर, बोरोसिलिकेट काच! दुहेरी भिंत, मध्ये निर्वात पोकळी. कडाक्याच्या थंडीतही पाणी कढत!"

आमच्याकडे पारा विसाच्या आसपास आला की माकडटोप्या निघतात, त्यामुळे कडाका मी मनावर घेतला नाही. मी विचारले, "वरून नारळ पडला तर?"

त्याने मान वर केली, बराच वेळ पाहिले आणि दोन पावले बाजूला सरकला. "गारांची टेस्ट झालीय, सर."

गारा. मांद्र्यात! त्या आंतरराष्ट्रीय चाचणीत काचेवर दीडशे ग्रॅमची पोलादी गोळी सोडतात, फार तर दोन मीटरवरून. आमचा माड साठ फूट, आणि सोडणासकटचा नारळ किलोच्या वरच. शिवाय तो चाचणीची वेळ ठरवून पडत नाही.

निवाडा शेवटी नारळानेच केला. पाणी थेट नळ्यांत खेळणाऱ्या ईटीसीची एक नळी फुटली, की त्या भोकातून टाकीतले पाणी गच्चीवर. सपाट पॅनेलची टफन्ड काच फुटली, तर तिचा चुरा होतो, पण पाणी तांब्याच्या नळ्यांत शाबूत राहते आणि न्हाणीतच येते. सपाट पॅनेल ठरले. खाऱ्या वाऱ्याने साध्या लोखंडी स्टँडची चाळण होते, म्हणून स्टँड अ‍ॅल्युमिनियमचा.

आईला यातले काहीच पटलेले नाही. तिचा हिशेब सरळ आहे: मे महिन्यात टाकीतले पाणी हात भाजेल इतके तापणार, तेव्हा ते कुणाला नको, चवथीला, म्हणजे गणपतीत, घर पाहुण्यांनी भरणार, तेव्हा आभाळ काळे. "भाण मोडीत काढायची नाही," एवढेच ती म्हणाली. भाण म्हणजे न्हाणीतले पाणी तापवायचे भांडे. पावसाळ्यासाठी टाकीत विजेची कॉइल असते, हे मी सांगितले. चवथीला वीज कुठे असते, हे तिने विचारले.

पॅनेलचे तोंड दक्षिणेला हवे. दक्षिणेलाच माड. तोडायचा विषय आईसमोर काढायची सोय नाही, आणि कायद्यासमोरही नाही: २०१६ मध्ये सरकारने माडाला झाडांच्या व्याख्येतून वगळले होते, २०१७ मध्ये तो परत झाड झाला.

वॉरंटीत काचफूट धरलेली नाही, नैसर्गिक आपत्तीही नाही. नारळ त्यात मोडतो का, ते साहेबांना विचारून सांगतो, असे विक्रेता म्हणाला. तोवर मी नारळ उतरवणाऱ्या पाडेल्याला बोलावले. त्याने शेंड्यावरून गच्चीची नीट पाहणी केली आणि उतरल्यावर पॅनेल उत्तरेकडे तोंड करून पलीकडच्या कोपऱ्यात बसवायला सांगितले. तिकडे ऊन लागणार नाही, हे त्याला मान्य होते. "पण नारळही लागणार नाही," तो म्हणाला, आणि पाडपाचे पैसे मोजून घेतले.