पंचेचाळीस अंशांतलं साहित्य

काल एका साहित्य महोत्सवात, माइकवरून, मला दात घासता येत नाहीत असं जाहीर करण्यात आलं. जाहीर करणारी एक दाढ होती. दाढ म्हणजे दाढच. फोमची, पांढरीशुभ्र, माझ्यापेक्षा हातभर उंच. खाली दोन मुळं आणि त्या मुळांतून बाहेर आलेले स्पोर्ट्स शूज.

साहित्य महोत्सवात दाढ कशाला, असं कुणी विचारत असेल तर त्याने इतक्यात एकही मोफत साहित्य महोत्सव पाहिलेला नाही.

माझी एक आवडती कवयित्री दुपारी मुख्य मंडपात बोलणार होती. त्याच दुपारी बहिणीला काम निघालं आणि सात वर्षांची भाची माझ्या गळ्यात पडली. पत्रिकेवर छापलं होतं, 'सहकुटुंब या, प्रवेश विनामूल्य, बालगोपाळांसाठी भरगच्च उपक्रम'. म्हटलं, ती उपक्रमांत रमेल, मी कवितेत. यातला अर्धा भाग खरा झाला.

विनामूल्य म्हणजे दारात मोबाइल नंबर द्यायचा. मग ओटीपी. मग 'आमच्या सहयोगी संस्थांकडून संदेश आलेले चालतील' या चौकोनात खूण, जी केल्याशिवाय पुढचं पानच उघडत नाही. मग मनगटाला कागदी पट्टा. दाराशी एक मुलगा हातातल्या यंत्रावर टिक-टिक करत माणसं मोजत होता. मी पाण्याची बाटली गाडीतून आणायला बाहेर जाऊन आलो तर त्याने मला पुन्हा मोजलं. "अरे, मीच मघाशी आत होतो," म्हटलं, तर म्हणाला, "चालतंय की, आकडा वाढतोय." पुढच्या वर्षीच्या प्रायोजकांना दाखवायच्या गर्दीत मी किमान दोन जण आहे, आणि आज सकाळपासून त्या दोघांच्याही हिरड्यांची चौकशी करणारे फोन मला एकट्यालाच येताहेत.

आत शिरताच भाचीच्या हातात 'वाचन पासपोर्ट' पडला. त्यात आठ रिकामी घरं. मैदानात आठ सहयोगी संस्थांचे आठ स्टॉल. प्रत्येक ठिकाणी एक उपक्रम करायचा, एक शिक्का घ्यायचा. आठही झाले की एक पुस्तक भेट. ही योजना ज्याच्या डोक्यातून निघाली त्याला मुलं आतून-बाहेरून माहीत असणार. सात वर्षांच्या मुलीला रिकामं घर दाखवा आणि मग तिला तिथून हलवून दाखवा.

अग्निशमन दल, रस्ता सुरक्षा, रोपवाटिका, कंपोस्ट, सर्पमित्र, बचत खातं. इथवर फार अपमान न होता पोचलो. सापाने तर माझ्याकडे पाहिलंही नाही. बचतवाल्यांनी भाचीला मातीचं डुक्कर रंगवायला दिलं आणि मला चक्रवाढ व्याज समजावलं. मग दंतआरोग्याचा स्टॉल आला. तो मुख्य मंडपाला अगदी खेटून होता, कनातीपलीकडे कवयित्री बोलायला उभी राहिली होती, आणि मला वाटलं, चला, इथून ऐकू तरी येईल.

"पालक कोण?" दाढेच्या आतून आवाज आला. दाढेला तोंडाजवळ जाळीची खिडकी होती आणि कानाला माइक.

"मी. म्हणजे, मी मामा आहे."

"चालेल. आजोबाही चालतात." आणि लगेच स्पीकरवर, "तर बालमित्रांनो, आता हे आजोबा आपल्याला दात घासून दाखवणार आहेत!"

"मामा," मी म्हणालो.

"घाबरू नका, आजोबा."

शिक्का दाढेच्या पोटावर दोरीने लोंबत होता. फोमच्या बगलांतून हात फक्त मनगटापासून पुढे आलेले, त्यामुळे स्वतःच्या शिक्क्यापर्यंत दाढ पोचूच शकत नव्हती. त्यासाठी एक मदतनीस होता म्हणे, तो 'आत्ता आला असता' असा तासभर गेलेला. मी सरळ हात पुढे करून शिक्का उचलायला गेलो, तर दाढ गर्रकन वळली आणि टेबलावरचा प्लास्टिकचा जबडा खाली पडला.

"आधी प्रश्न," दाढ म्हणाली. "दुधाचे दात किती?"

"वीस!" भाचीने पुढच्या दोन दातांच्या खिंडीतून सांगितलं.

"शाब्बास! आणि मोठ्यांचे? आजोबा?"

"बत्तीस."

"अक्कलदाढा धरून की सोडून?"

मागे रांग चांगली मारुतीच्या शेपटासारखी वाढली होती. सगळी शांत झाली.

"धरून," मी म्हणालो.

"तुम्हाला आहेत अक्कलदाढा?"

"होत्या. काढल्या."

"चारही?"

"चारही."

"मग तुमचे अठ्ठावीस. बत्तीस कसे सांगता?"

"तुम्ही मोठ्यांचे विचारलेत! माझे नाही!"

"बालमित्रांनो," स्पीकर गरजला, "आजोबांना अक्कलदाढ नाही!" रांगेतली चिल्लीपिल्ली आनंदाने किंचाळली. त्यांचे आईबाप आपण हसत नसल्याचं दाखवण्यासाठी फोनमध्ये बघू लागले. कनातीपलीकडून कवयित्रीचा आवाज आला, "आणि शेवटी आपल्याजवळ उरतं ते एवढंच, की..." आणि नेमका त्याच क्षणी अग्निशमनवाल्यांनी कुणा पोराला सायरन वाजवू दिला. शेवटी आपल्याजवळ काय उरतं ते मला अजून कळलेलं नाही.

मग माझ्या हातात ब्रश आला. फरशी पुसायच्या मॉपएवढा. समोर दुसरा, गुडघ्याएवढा जबडा. मी घासायला लागलो.

"थांबा! कोन काय आहे तुमचा?"

"कसला कोन?"

"ब्रश हिरडीशी 45 अंशांत धरायचा. तुम्ही नव्वदमध्ये धरलाय. ही फरशी झाली."

"मामा घरी पण आडवाच घासतो," भाचीने जाहीर केलं. मी ज्या मुलीसाठी कवितेवर पाणी सोडलं होतं तीच ही मुलगी. गेल्या सुट्टीत आमच्याकडे राहायला आलेली, तेव्हा बेसिनशी उभी राहून टिपणं काढत असणार.

"ऐकलंत? आजोबांना दात घासता येत नाहीत," दाढेने सगळ्या मैदानाला कळवलं. "पण आजोबा आज शिकणार आहेत! दोन मिनिटं. छोटी वर्तुळं. सुरू!"

मागून एक बाई, दोन जुळ्यांना दोन हातांत धरून, म्हणाल्या, "अहो, जरा भराभर फिरवा ना, आम्हाला अडीचचं बालनाट्य गाठायचंय." मी म्हटलं, "तुम्हीच घासता का?" तर त्यांनी खरंच ब्रशला हात घातला. दाढ म्हणाली, "एकाच पालकाने करायचं आहे." बाई म्हणाल्या, "मी त्यांची कुणी नाही." का कोण जाणे, हे वाक्य मला लागलं.

अर्ध्या मिनिटाने दाढ जवळ सरकली. माइक मुठीत झाकून, एकदम वेगळ्या, माणसाच्या आवाजात तिने विचारलं, "तुम्ही बाईंचं ऐकायला आला होता ना? सारखं कनातीकडे बघताय."

"हो."

"मीही. मराठीत एमए केलंय मी. म्हटलं स्वयंसेवक झालो तर जवळून ऐकता येईल. तर हे दिलं अंगावर. आत पंख्याची घरघर आहे, काही म्हणजे काही ऐकू येत नाही."

मला भडभडून आलं. दोन वाचक, मधे फोम. म्हटलं, "मग द्या की शिक्का. दोघेही सुटू."

दाढ क्षणभर गप्प राहिली. मग मूठ सुटली. "अजून एक मिनिट बाकी आहे, आजोबा! मागच्या दाढा विसरू नका!"

मी गुडघ्यांवर बसून मागच्या दाढा घासल्या. मिनिट भरलं आणि प्रचंड टाळ्या पडल्या. पळभर मी सुखावलो, मान झुकवणारही होतो. टाळ्या कनातीपलीकडच्या होत्या. कवयित्रीचं भाषण संपलं होतं.

दंतवैद्यांवर माझा राग नाही. सहा वर्षांच्या सुमाराला मुलांना कायमची पहिली दाढ येते आणि बरेच आईबाप तिला दुधाचीच समजून सोडून देतात, हे मला कालच कळलं, आणि ते कळलं हे बरंच झालं. माझा राग मैदानाच्या नकाशावर आहे. 1878 साली न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादींनी पुण्यात ग्रंथकारांना एकत्र बोलावलं तेव्हा तिथे साप नव्हता, डुक्कर नव्हतं. पुढच्या, 1885 च्या सभेचं बोलावणं आलं तेव्हा जोतीराव फुल्यांनी पत्र लिहून ते नाकारलं. ज्यांना सगळ्यांचे हक्क मान्य नाहीत त्यांच्या सभेशी आमचा मेळ बसायचा नाही, असा त्या पत्राचा रोख. सभा कुणाची, हा प्रश्न तिथपासून उभा आहे. आता त्याचं उत्तर फ्लेक्सवर छापून मिळतं: ज्याचा लोगो मोठा, त्याची.

तिकिटाऐवजी मोकळं मैदान ठेवायचा काही महोत्सवांचा कल मी समजू शकतो. ब्रिटनमधल्या, 1949 पासून चालू असलेल्या चेल्टनहॅमच्या किंवा 1988 पासूनच्या 'हे-ऑन-वाय' गावच्या साहित्य महोत्सवाला लेखकांना ऐकायचं तर बहुतेक वेळा तिकीट काढावं लागतं. उलट अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचा राष्ट्रीय ग्रंथमहोत्सव 2001 पासून सगळ्यांना मोफत. मोफत ठेवायचं तर मंडप, ध्वनी, शौचालयं यांचा खर्च कुणीतरी उचलणार, आणि जो उचलणार तो दर्शनी जागा मागणार. हिशेब कळतो. पण मग 'साहित्य' हा शब्द पाटीवर ठेवायचा तर निदान एखादा सायरन तरी दूर न्या.

कारण मुलांच्या त्या अख्ख्या विभागात वाचन असं एकाच ठिकाणी चाललं होतं. कोपऱ्यात सतरंजीवर एक मुलगी पाचसहा पोरांना गोष्ट वाचून दाखवत होती. चित्रांचं पुस्तक सगळ्यांना दिसावं म्हणून छातीशी उलटं धरायचं आणि स्वतः वरून वाकून वाचायचं, हे अवघड काम ती सफाईने करत होती. तिला माइक नव्हता. का नाही, विचारलं. म्हणाली, "होता. दाढेला दिला."

आणि ग्रंथालय? आठवं घर तेच होतं. नकाशात त्याचा ठिपका प्रसाधनगृहाच्या आयकॉनखाली झाकला गेला होता, प्रत्यक्षातही ते तसंच, फिरत्या शौचालयांच्या मागे. एक टेबल, दोन पेट्या पुस्तकं, आणि मागे बसलेल्या दोन ग्रंथपाल बाई. आम्हाला बघून त्या इतक्या दचकल्या की आम्हीच त्यांचे पहिले असू अशी शंका आली. 1931 साली रंगनाथनांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवा असं सांगतो. मी तो मोठ्याने म्हटला. थोरल्या बाई म्हणाल्या, "पाचही पाठ आहेत आम्हाला. बसा." दिवसभरात मला 'बसा' म्हणणाऱ्या त्या एकट्याच.

महोत्सवाचा शिक्का मात्र त्यांच्याकडे नव्हता. सकाळी 'पाठवतो' म्हणाले होते. भाचीचा चेहरा पाहून धाकट्या बाईंनी ड्रॉवरमधून स्वतःचा काढला, पुस्तक परत करायच्या तारखेचा, आणि आठव्या घरात ठणकन मारला. सगळ्या पासपोर्टमधला तो सगळ्यात सुबक शिक्का.

बक्षिसाच्या टेबलावर तो चालला नाही.

"हा आमचा शिक्का नाही," लॅपटॉपवाला म्हणाला.

"ग्रंथालयाचाच आहे. ग्रंथालयाच्याच घरात आहे."

"आमचा गोल आहे. हा लांबट आहे."

"गोल त्यांना तुम्हीच दिला नाहीत!"

"ते लॉजिस्टिक्सकडे येतं."

मी आवाज चढवला. इथे हे लिहिताना मी गमतीत घेतोय, काल गमतीत घेतलं नव्हतं. मी त्याला विचारलं की साहित्य महोत्सवात ग्रंथालयाचा शिक्का खोटा ठरतो आणि दाढेचा खरा, याचं त्याला काही वाटतं का. त्याने बाजूच्या खोक्यात वाकून पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "तसंही पुस्तकं दुपारीच संपली सर. हे घ्या." आणि भाचीच्या हातावर एक टूथब्रश ठेवला. लहान मुलांचा, मऊ, जिराफाच्या मुठीचा.

ती ओरडेल, रडेल, निदान जमिनीवर आडवी होईल अशी माझी अपेक्षा होती. मी तिच्या पाठीशी उभा राहायला तयार होतो. ती म्हणाली, "मामा, जिराफ!"

पुस्तकासाठी मीच तिला पुन्हा शौचालयांमागे घेऊन गेलो. थोरल्या बाईंनी उभ्या उभ्या तिचा सभासदत्वाचा अर्ज भरला. मोबाइल नंबरचा रकाना मी कोरा सोडला, त्यांनी काही म्हटलं नाही. वर्गणी किती विचारलं तर म्हणाल्या, बालसभासदांना नाही. युनेस्कोच्या 1994 च्या जाहीरनाम्यात सार्वजनिक ग्रंथालय तत्त्वतः निःशुल्क असावं असं म्हटलंय. तत्त्वतः हा शब्द मला नेहमी पळवाट वाटायचा, पण काल त्या मैदानात फुकट मिळालेली फुकट गोष्ट तेवढीच. भाचीने पेटीतून खेकड्यांवरचं एक जाडजूड पुस्तक उपसलं आणि दुसऱ्या हातात जिराफ धरून गाडीत त्यात डोकं घातलं.

दोन आठवड्यांत परत करायचं आहे. आज कार्ड नीट वाचलं. ग्रंथालयाची वेळ सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच, रविवारी बंद. बालविभाग चारला बंद. तिची शाळा साडेपाचला सुटते, शनिवारीसुद्धा.