पाच मिनिटे शांत बसा

वाढलेला रक्तदाब कुठेही न दुखता वर्षानुवर्षे हृदयावर आणि रक्तवाहिन्यांवर ताण देत राहतो, म्हणून काहीही होत नसतानाच तो मोजत राहावा, हे मला तत्त्वतः मान्य आहे. पांढरा कोट दिसताच माझा वरचा आकडा उसळी मारतो, त्यामुळे डॉक्टरांनी घरीच यंत्र घेऊन सकाळ-संध्याकाळ मोजण्यास सांगितले आणि सोबत नियमांचा कागद दिला. आधी अर्धा तास चहा किंवा तंबाखू नको, पाठ टेकलेली, पावले जमिनीवर, पट्टा उघड्या दंडावर, हात हृदयाच्या पातळीवर, आणि त्यापूर्वी पाच मिनिटे एक अक्षरही न बोलता शांत बसावे. कागद लिहिणाऱ्याने संसार केलेला नसावा.

चहाआधी मोजायला बसावे, तर समोरचा चहा निवताना पाहून शांत राहणे मला जमत नाही. चहानंतरच्या अर्ध्या तासात दूधवाला, घंटागाडी आणि नळाचे पाणी एकदमच येतात. कसेबसे स्थिरस्थावर व्हावे, तोच स्वयंपाकघरातून प्रश्न येतो, "गॅसचा नंबर लावलात का?" उत्तर दिले तर बोलण्यानेच आकडा वाढतो, असे कागद सांगतो, न दिले तर काय वाढते, याबद्दल त्यात अवाक्षर नाही.

आकडा चढलेला दिसला की पहिली कुऱ्हाड पानाच्या डाव्या बाजूवर पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार दिवसभरात मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा असावे, आणि त्यात लोणचे, पापड, इतकेच काय, चहाबरोबरची खारीसुद्धा धरायची असते. लोणच्याची बरणी आता वरच्या फळीवर गेली आहे. तिच्यासाठी स्टुलावर चढणे हा व्यायामात धरला जात नाही, अशी चौकशीअंती माहिती मिळाली.

डॉक्टरांचा गैरसमज होऊ नये, म्हणून मी वहीत प्रत्येक आकड्यापुढे कारण नोंदवू लागलो: '१४२/८८, घंटागाडी', '१३९/८६, गॅसचा नंबर', '१२४/७८, वीज गेली होती, टीव्ही व मिक्सर बंद'. डॉक्टरांनी वही गंभीरपणे वाचून सरासरी काढली. घरच्या मोजणीसाठी मर्यादा मानल्या जाणाऱ्या १३५/८५ च्या आत ती भरल्यामुळे गोळी तूर्त टळली. पुढच्या वेळी मात्र फक्त आकडे आणावेत, असे त्यांनी लेखी कळवले आहे.