एक पाणलोट पूर्ण, की तालुकाभर अर्धवट? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

साहेब, नमस्कार.

पाणलोटाची कामं अ‍ॅजाइल पद्धतीनं, म्हणजे लहान लहान तुकडे पूर्ण संपवत, करावीत या माझ्या मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया सविस्तर होती, म्हणून उत्तरही लांबलं. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: अ‍ॅजाइल हे सॉफ्टवेअरवाल्यांचं, सात-आठ जणांच्या टीमपुरतं खूळ, तालुकाभर पसरलेल्या पाणलोटाच्या कामाला ते लावणं म्हणजे पोरखेळ, बंधारा अर्धा बांधून ‘रिलीज’ करता येत नाही, आणि प्रत्येक टीम मनाची राजा झाली तर जबाबदार कोण?

बंधाऱ्याचं पूर्ण मान्य. सिमेंट नाला बांधाचा पाया खोदून ठेवून ‘पुढच्या स्प्रिंटमध्ये (ठरलेल्या छोट्या मुदतीत) बघू’ म्हणणाऱ्याला मीच आधी घरी पाठवीन. माझा आक्षेप कामांच्या क्रमावर होता. आपल्याकडे आधी सगळ्या गावांचं सर्वेक्षण होतं, मग सगळी अंदाजपत्रकं, मग सगळ्या तांत्रिक मान्यता, आणि त्यानंतर कुठे पहिली पोकलेन उतरते. अहवालात दोन टप्पे शंभर टक्के दिसतात, शिवारात थेंब अडलेला नसतो. त्यापेक्षा एक लहान पाणलोट, म्हणजे एका नाल्याला पाणी देणारं क्षेत्र, घ्या आणि तो माथा ते पायथा संपवा: वर सलग समतल चर, मधे ढाळीचे बांध, खाली नाल्यावर बांध, एमबी (मोजमाप पुस्तक) भरलेली, बिल निघालेलं, निरीक्षण विहिरींची पातळी नोंदायला सुरुवात. मग पुढचा. सर्वेक्षणवाल्याचे आकडे अभियंत्याला पुरत नाहीत, किंवा लेखापालाला हवा तो कागद कुणी घेतच नाही, हे पहिल्याच पाणलोटात कळतं. तालुकाभर सर्वेक्षण उरकल्यावर तेच कळलं तर निस्तरणार कोण?

माथा ते पायथा हे तत्त्व तुमच्याच खात्यानं आम्हाला शिकवलं. मी ते फक्त कागदपत्रांनाही लावतोय.

आता टेबलावरच्या ढिगाऱ्याचं. लीनमध्ये, म्हणजे अडकून पडलेलं काम कमी ठेवण्याच्या पद्धतीत, ‘लिटलचा नियम’ म्हणून एक साधा हिशेब आहे, जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला: सुरू असलेली कामं भागिले दरमहा संपणारी कामं, म्हणजे एका कामाला सरासरी लागणारा काळ. समजा मान्यतेच्या टेबलावर १२० प्रस्ताव आहेत आणि महिन्याला १० निघतात. मग आज गेलेल्या प्रस्तावानं वर्ष धरावं. तुम्ही सुचवता तसं आणखी सर्वेक्षक नेमले, तर ढीग वाढेल आणि वर्षाचं दीड वर्ष होईल. म्हणून आम्ही मान्यतेच्या रांगेला मर्यादा घातली. ती भरली की सर्वेक्षणाची माणसं नवं गाव धरत नाहीत, अडलेल्या प्रस्तावांच्या त्रुटी काढायला बसतात. माणसं रिकामी बसल्यासारखी दिसतात, हे खरं. दिसू द्या.

मोठ्या आराखड्याची शिस्त तुम्हाला महत्त्वाची वाटते. गोसीखुर्दला (भंडारा जिल्ह्यातलं वैनगंगेवरचं धरण) १९८८ मध्ये राजीव गांधींनी पायाभरणी केली तेव्हा मूळ अंदाज ३७२ कोटींचा होता, सिंचनाचं उद्दिष्ट अडीच लाख हेक्टरचं. पुढे खर्च हजारो कोटींवर गेला, आणि धरणात पाणी साठू लागल्यावरही कालवे-वितरिकांची कामं कित्येक वर्षं चालूच राहिली. भूसंपादन, पुनर्वसन, ठेकेदारी अशी त्याची कारणं मला ठाऊक आहेत. अ‍ॅजाइलनं ती सुटली असती असा दावा मी करणार नाही. पण तिथं आराखड्याची वानवा नव्हती, एवढं तरी मान्य कराल?

‘सॉफ्टवेअरचं खूळ’ हे निम्मंच बरोबर. अ‍ॅजाइलचा जाहीरनामा २००१ मध्ये यूटामध्ये जमलेल्या सतरा सॉफ्टवेअरवाल्यांनी लिहिला. लीन मात्र टोयोटाच्या कारखान्यातून, ताइची ओनो यांच्या कामातून आलं. तिथं लोखंडच होतं. मोठ्या कार्यक्रमांसाठी पुढे अ‍ॅजाइलच्याच ‘सेफ’ (SAFe) सारख्या चौकटी निघाल्या. त्यातली पदं आणि बैठका बघितल्या की मला आपली जिल्हा परिषद आठवते, त्यामुळे तिकडे मी फिरकत नाही.

माणसं वाढली की बैठका वाढतात, हे तुम्ही बरोबर पकडलंत. सात माणसांत बोलण्याच्या जोड्या २१ होतात, चाळिसांत ७८०. म्हणून सगळ्यांना एका खोलीत कोंबणं बंद. सर्वेक्षण आणि डिझाइनची माणसं थेट एकमेकांशी बोलतात, माझ्यामार्फत नाही.

दोन आठवड्यांचा स्प्रिंट मातीकामाला चालत नाही, हेही कबूल. काळ्या जमिनीत पाऊस पडला की मशीन रुतते. कपाशी निघेपर्यंत शेत मोकळं होत नाही. उरतं ते फेब्रुवारी-मार्च ते जूनचा पहिला आठवडा, आणि त्याच्या मधोमध ३१ मार्चचा हिशेब. खोदकामाची लय हंगाम ठरवतो. पण मान्यता, ग्रामसभेचे ठराव, शेतकऱ्यांच्या संमती हे बारमाही आहे आणि तिथं पंधरवड्याची लय छान बसते. पावसाळ्यात तेवढं एकच केलं तरी मार्चमध्ये मशीन कागदासाठी थांबत नाही. शेतकरी तर एकच विचारतो, “आराखडा राहू द्या ना बाप्पा, पानी कधी थांबते थे सांगा.”

राहिली जबाबदारी. ती एकाच माणसाची आहे, माझी. कुठल्या पाणलोटानंतर कुठला आणि पैसा कशावर थांबवायचा, हे मी ठरवतो. चर कुठून काढायचा ते टीम आणि पाणलोट समिती शिवारात उभं राहून ठरवते. तुमचा मासिक प्रगती अहवालही चालू आहे, देणगीदाराला लागतो. त्यात ‘सर्वेक्षण पूर्ण’ असा रकाना ठेवलेला नाही. ‘बिलासह पूर्ण पाणलोट’ एवढाच आहे, आणि बरेच महिने तिथं शून्य असतं.