काचेतला वाघ आणि माझा ताडोबा

रविवारी भाचीला घेऊन राणीच्या बागेत गेलो होतो. वाघाच्या काचेपुढे ही झुंबड! "ओ दादा, जरा सरका ना, फोटो काढायचाय." मीही हात उंच करून दोन-चार काढले. घरी येऊन बघतो तर वाघाच्या पोटावर माझा पिवळा टी-शर्ट उमटलेला आणि कानाजवळ कुणाचातरी वेफर्सचा पुडा. भाची म्हणाली, "मामा, वाघाने तुझा शर्ट घातलाय."

फोटो डिलीट करणार होतो, पण जुनं पाप आठवलं. याच बागेत पूर्वी एका बिबट्याचा फोटो काढला होता. लेन्स जाळीला जवळजवळ चिकटवली, अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, पूर्ण उघडलं की जाळी विरघळून जाते. मागे झाडी. इथेच टाकला. एकाने विचारलं, "ताडोबा का रे?" मी नुसता हसरा इमोजी दिला. खोटं कुठे बोललो!

क्वागा माहितीये? झेब्र्याचाच भाऊबंद, पट्टे फक्त पुढच्या अंगावर. जिवंत क्वागाचे जे मोजके फोटो उरलेत ते सगळे लंडनच्या झूमधल्या एकाच मादीचे, १८६३ ते १८७० च्या दरम्यानचे. दक्षिण आफ्रिकेतलं तिचं माळरान एकातही नाही. शेवटचा क्वागा १८८३ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या झूमध्ये मेला. आता त्या फोटोंतलं झूचं आवार कुणी पुसून तिथे गवत रंगवलं, तर क्वागा संपला कसा हेच पुसलं जाईल. आणि मी बिबट्याचं नेमकं तेच केलं होतं.

याउलट फोटोग्राफर नयन खानोलकरांचा मुंबईच्या आरे कॉलनीतल्या बिबट्याचा फोटो बघा. २०१६ च्या 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर'मध्ये शहरी विभागात पहिला आलेला. बोळ आहे, भिंती आहेत, त्यांनी काहीच लपवलेलं नाही. फरक एवढाच की हा बिबट्या बोळातून निघून जाऊ शकतो. गंमत म्हणजे त्याला आपण 'वस्तीत शिरला' म्हणतो, आणि पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचा पेंग्विन भायखळ्याच्या याच राणीच्या बागेत एसीत ठेवला की 'सो क्यूट'.

प्राणिसंग्रहालयं बंद करा, असं मी म्हणत नाही. भाचीला वाघ तिथेच दिसला, मलाही लहानपणी तिथेच. पण फोटो काढताय ना, मग काच राहू द्या त्यात, गजही राहू द्या.

खाली टाकलाय तो रविवारचाच फोटो, क्रॉप न करता. पिवळा शर्ट माझा. वेफर्सवाले कोण ते माहीत नाही.